भांग लागला

मराठीच्या बाईंनी आधी व्याकरण सुधारलं आणि मग त्यांचा चेहरा उतरला. हे असं उलट्या क्रमाने झालं, म्हणूनच वर्गाला एवढं हसू फुटलं. त्यांनी विचारलं होतं साधंच. "काय गं कमळ, तुला झालंय तरी काय? रोज बाकावर डोकं टाकून बसतेस, विचारलं तर तोंड उघडत नाहीस. जिवंत आहेस ना?" आणि गेल्या दिवाळीपासून 'हजर'च्या पलीकडे वर्गात एक शब्द न बोललेल्या कमळने डोकं वर करून खरं खरं सांगून टाकलं. "बाई, मना भांग लागलाय." "लागलाय नाही, लागलीय. भांग स्त्रीलिंगी," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळता वळता जागच्या जागी थबकल्या. आपण काय सुधारलं ते त्यांच्या डोक्यात तेव्हा शिरलं. नववीतल्या पोरीला भांग लागलीय! मग काय विचारता. मागच्या बाकावरून कोणी शिमग्याची बोंब ठोकली, कोणी "बम भोले" म्हणालं, कोणी झिंगल्यासारखं करून शेजारणीच्या अंगावर पडलं. एकटी कुंदा हसली नाही. ती कमळच्याच बाकावर बसायची, तिच्याच कोळ्यांच्या बंदरावरची, आणि तिला तो शब्द ठाऊक होता. तिने मान खाली घालून कंपासपेटी उघडली आणि नुसतीच परत बंद केली.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत कमळ उभी राहिली तेव्हा तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मोठ्या बाई म्हणत होत्या, "उद्या आईला घेऊन ये. त्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही. काय खरं-खोटं ते आईनेच येऊन सांगू दे, नाहीतर दाखला घेऊन जा म्हणावं." कमळ त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचा देवीचा फोटो बघत राहिली. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. बाई, ती भांग नव्हे, आमचा भांग वेगळा. पण ते वाक्य पोटातून ओठांपर्यंत आणायचं म्हणजे विहिरीतून भरलेला हंडा ओढायचा, आणि तिच्या हातापायांत तेवढं बळ राहिलं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर ती स्वतःच चाट पडली होती. दीड वर्षं ती एक शब्द शोधत होती. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा, आणि लाल टॉनिक दिलं. शेजारीण म्हणाली, नजर. वर्गशिक्षक म्हणाले, आळस. बाबा काहीच म्हणाले नाहीत. आणि शब्द हा असा, इतके दिवस तिच्याच तोंडात पडून होता, आणि बाईंनी विचारल्यावर आपला आपण बाहेर आला. केवढा नेमका आला! भर हशातसुद्धा तिला त्याचं नवल वाटलं होतं.

बंदरावर हे शेंबड्या पोरालाही कळायचं. पुनव-अवसेला उधाण. तेव्हा पाणी घराच्या पायरीला शिवून जायचं, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याचा श्वास ऐकू यायचा. आणि अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग. भांगाचं पाणी धड चढत नाही, धड ओसरत नाही. येतं, पण त्याच्या येण्यात काही अर्थ नसतो. त्याला ओढ नसते. डोल, म्हणजे त्यांचं ते मोठं पिशवीसारखं जाळं, ओढीच्या पाण्यातच तोंड उघडतं. भांगात टाकलं तर पाण्यात नुसतं लोंबत राहतं, आणि एक बोंबीलही आत जात नाही. म्हणून त्या दिवसांत गडी किनाऱ्यावर बसायचे, जाळी विणायचे, विड्या ओढायचे, बायकांच्या शिव्या खायचे. कोणी समुद्राला आळशी म्हणायचं नाही. टॉनिक पाजायचं नाही. "भांग हाय," एवढं बोलायचे आणि विषय संपायचा. कारण चार दिवसांनी ओढ परत यायचीच.

कमळच्या आतली ओढ परत आली नव्हती. कधी गेली ते तिला नीट सांगता येत नव्हतं. सरकारला किनाऱ्यावरून रस्ता न्यायचा होता, त्यात बंदर गेलं. होड्या जिथे ओढून ठेवायचे तिथे दगडमातीचे ट्रक रिकामे व्हायला लागले, आणि सगळ्यांना विक्रोळीच्या टेकडीवर खोल्या मिळाल्या. टेकडीवर हो! कोळ्यांना टेकडीवर! ज्याच्या कोणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं असेल त्याला कोपरापासून हात जोडायला हवेत. चौथा मजला, एक खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीतली खिडकी. पहिल्या दिवशी कमळ नळ सोडून हसली होती. पहिल्या आठवड्यात कुंदा आणि ती जिन्यांवरून वरखाली धावल्या होत्या. मग केव्हातरी एका सकाळी तिला जाग आली आणि उठायचं कशाला ते आठवेना. तसं दुःख नव्हतं. दुःख असतं तर ती रडली असती. आज्जी गेली तेव्हा ती तीन घरांना ऐकू जाईल इतकी रडली होती, आणि रडून झाल्यावर भूक लागली होती. हे तसं नव्हतं. आमटीत आंबट होतं, तिखट होतं, पण ते जिभेवरच राहायचं, आत पोचायचं नाही. वेणी घालायला हात वर केला की अर्ध्यावर थांबायचा. पुस्तकातली ओळ वाचायला घेतली की तिच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निघून गेलेली असायची. वसाहतीतली बंदरावरची बाकीची पोरंही काही निराळी नव्हती. दहावीतला दादू दिवसभर पाण्याच्या टाकीवर पाय सोडून बसायचा. शेवंती शाळेतून आली की जी झोपायची ती दुसऱ्या दिवशीच उठायची. मोठी माणसं म्हणायची, पोरांना इथली हवा मानवत नाही. पोरं एकमेकांना जिन्यात ओलांडून जायची आणि कोणी कोणाला काही विचारायचं नाही.

शाळा सुटल्यावर फाटकापाशी कुंदाने तिला गाठलं. "कशाला बोललीस गो?"

"त्यांनी इचारलं."

"इचारलं म्हनून काय सांगायचा? डोका दुखतंय बोलायचा. मी तेच बोलतंय." कुंदाने आवाज खाली आणला. "आनि काल तर पुनव झाली. आज उधान हाय, भांग कनचा?"

"उधान तिकरं हाय. माज्यान नाय."

कुंदाने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "आयेला काय सांगशील?"

"ठाव नाय."

खरंच ठाऊक नव्हतं. आई म्हणजे सखुबाई, जिचा आवाज चौथ्या मजल्यावरून खालच्या दुधाच्या केंद्रापर्यंत जायचा. बाबांनी होडी विकली, कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले आणि घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. पण आई बदलली नव्हती. ती पहाटेच्या अंधारात उठून धक्क्यावर जायची, मासळी घेऊन यायची, स्टेशनजवळच्या बाजारात बसायची, गिऱ्हाइकाशी भांडायची, घरी येऊन बाबांशी भांडायची आणि चूल, भांडी, धुणं असं सगळं आदळत-आपटत उरकायची. तिला काय सांगायचं? की मला काही होत नाही, म्हणून मला काहीतरी होतंय? एवढ्या दगदगीच्या बाईच्या डोक्यावर आणखी हे कुठे ठेवायचं? कमळने पहिल्यापासूनच ठरवलं होतं की आईला सांगायचं नाही, आणि आता उद्या आईला एका अनोळखी खोलीत कोणी दुसरंच ते चुकीचं सांगणार होतं.

तिने घराचा रस्ता धरला नाही. उधाण म्हणाली ना कुंदा, मग ते खरंच आलंय का ते एकदा बघावं, असं तिच्या पायांनीच ठरवलं. टेकडीवरून पूर्वेला कारखान्यांच्या पत्र्यांपलीकडे एक चकचकीत पट्टी दिसायची. ती मिठागरं आहेत, असं तिला वाटायचं आणि तिने कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. ती रुळांवरचा पूल ओलांडून पलीकडे उतरली, ट्रक जाऊ देऊन हायवे ओलांडला, कन्नमवार नगरच्या इमारतींमधून गेली. डोक्यावर ऊन होतं. पुढे रस्ता संपला आणि तिवरं सुरू झाली. काळा चिखल, त्यात अडकलेले प्लास्टिकचे तुकडे, कारखान्याच्या तेलाचा वास, आणि त्या वासाच्या खाली, अगदी तळाला, दुसरा एक वास. तिच्या नाकाने तो तिच्या आधी ओळखला.

आणि पाणी आलं. लाट नाही, आवाज नाही, काही नाही. तिवरांच्या मुळांमधला चिखल आधी नुसता ओला झाला, मग चमकला, मग त्याच्यातल्या भोकांतून बुडबुडे यायला लागले. कुर्ल्या आत शिरल्या. निवट्या, चिखलात राहणारे ते बोटभर मासे, टुणटुण उड्या मारत वर सरकल्या. बघता बघता जिथे चिखल होता तिथे आभाळ दिसायला लागलं. अग्गो बाई! कमळ तोंड उघडं टाकून बघत राहिली. हे तेच पाणी होतं. तिच्या बंदराच्या पायरीला शिवणारं, आणि आता पायरी नाही म्हणून न थांबलेलं. सगळ्या शहराला वळसा घालून, गोद्यांच्या, जहाजांच्या, भिंतींच्या बाजूने ते इथवर आलं होतं, कारखान्यांच्या मागच्या दाराने, कोणाला न विचारता. त्याला इथे कोणी बोलावलं नव्हतं. त्याला ओढणारा चंद्रसुद्धा यावेळी आभाळात नव्हता, धरणीच्या पलीकडे कुठेतरी होता, आणि तिथून तो एवढं सगळं उचलत होता. केवढं हे! आणि माणसं पलीकडच्या हायवेवरून भोंगे वाजवत चालली होती, त्यांच्या पाठीमागे एवढं घडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. तिला हात जोडावेसे वाटले. बंदरावर असताना कधी वाटले नव्हते. तिथे समुद्र घरचाच होता.

मग ती वाट बघायला लागली. बाहेर एवढं चढतंय, तर आतही काही हलेल. बस यायची वाट बघतात तशी ती उभी राहिली. पाणी मुळं बुडवून खोडांना लागलं. आत काही हललं नाही. डोळे बघत होते, थक्क होत होते, आणि त्यांच्या मागे ते सपाट पाणी तसंच पडलेलं होतं. तेव्हा मात्र ती पहिल्यांदा घाबरली. पुनवेच्या उधाणालासुद्धा जे हलत नाही ते आहे तरी केवढं? एवढ्याशा अंगात, वेणी न घातलेल्या, आठवडाभर तोच परकर नेसलेल्या या अंगात ते मावलं कसं? घाबरता घाबरता तिला त्याचाही एक दबदबा वाटला. देवळात गाभाऱ्यातल्या अंधाराकडे बघताना वाटतो तसा. आणि त्या भरात ती दोन पावलं पुढे गेली, आणि चिखलाने तिला गुडघ्यापर्यंत आत घेतलं.

चिखल मऊ होता, गार होता. पाय उपसायला हवा, हे तिला कळत होतं. पण उपसला नाही तरी काय, असंही आतून कोणी म्हणालं, अगदी शांतपणे, जेवायचं नाही म्हणताना म्हणतात तसं. मरायचं वगैरे तिच्या मनात नव्हतं. नुसता पाय उचलायचा नव्हता. पाणी परकराला लागलं. परकर फुगून वर आला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे तिला मोठ्या बाईंची खोली दिसली. काचेचं टेबल, तो पंखा, आणि त्याच्यासमोर आई. एकटी. मासळीच्या पाण्याने ओल्या लुगड्यात उभी. तुमची पोरगी भांग घेते म्हणे, कोणी सांगतंय, आणि आई तोंड उघडते पण काय बोलायचं ते तिला कळत नाही, कारण पोरगी काय म्हणाली होती ते सांगायला पोरगी तिथे नाही. चौथ्या मजल्यावरून खाली ऐकू जाणारा आईचा तो आवाज, आणि त्या खोलीत तो फुटत नाही. हे काही कमळला बघवेना. तिने तिवराचं खोड दोन्ही हातांनी धरलं, दात-ओठ खाल्ले आणि एक पाय ओढून काढला, मग दुसरा. एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. काठावर येऊन ती बसली आणि तिने परकर पिळला. भरतीचं पाणी तिच्याकडे न बघता चढतच होतं.

संध्याकाळी आईने दारातच तिचे पाय पाहिले. "ह्यो चिखल खाडीचा हाय," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "चप्पल?"

"गेली."

"गेली! चपला काय झाडाला लागतान? का तुजे बापाची पेढी हाय?" असं करत करत आईने हंड्यातलं पाणी घेतलं. वरचा नळ कधीच आटला होता, खालून चौथ्या मजल्यावर पाणी कसं चढतं ते चढवणारीलाच माहीत, तरी तिने भरलेले तीन तांबे पोरीच्या पायांवर ओतले आणि बोटांच्या बेचक्यातला चिखल स्वतःच्या हाताने काढला. वर मात्र पाहिलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"आये, उद्या शालेन बोलवलाय तुना."

"कशाला?"

"ठाव नाय."

"पास हायस ना?"

"हाय."

"मंग काय त्यांच्या जिवाला," आई म्हणाली आणि तिने तांब्या आपटला.

सकाळी आई धक्क्यावरून परस्पर शाळेत आली. टोपली फाटकापाशी ठेवली, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि पायऱ्या चढून कमळच्या पुढे खोलीत शिरली. मोठ्या बाईंनी पंखा वाढवला. मराठीच्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, रात्रभर झोप नसल्यासारख्या. "बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "नको. लुगरा वला हाय, खुरची खराब व्हईल. बोला, काय केलान पोरीनं?"

"भर वर्गात सांगितलं तिने की ती भांग घेते."

आईचा चेहरा लाल झाला. "कोन बोल्ला? माज्या घरान दारू नाय, गांजा नाय, आनि ही?" ती गर्रकन वळली आणि तिचा हात वर गेला. तो हात कमळला चांगला ठाऊक होता. तिने डोळे मिटले. तोंड उघडायला हवं होतं, काल त्यासाठीच तर ती चिखलातून निघून आली होती, पण हंडा काही वर येईना.

"घेते म्हणाली नाही, मॅडम," कोपऱ्यातून मराठीच्या बाई म्हणाल्या. चुकीचं वाक्य त्यांना आयुष्यात कधी सहन झालं नव्हतं. "लागलाय, म्हणाली. भांग लागलाय. मी लागलीय असं सुधारलं, पण ती म्हणाली तसं आधी लागलाय असंच."

कमळने डोळे उघडले. आईचा हात वरच होता, पण तो आता मारायचा हात राहिला नव्हता. कुठे ठेवायचा ते विसरल्यासारखा तो हवेत राहिला, आणि मग हळूहळू खाली आला. "लागलाय बोलली? तसाच?" तिने बाईंना विचारलं. बाईंनी मान हलवली. आईने मागे हात करून खुर्ची चाचपली आणि ओल्या लुगड्यासकट ती खुर्चीत बसली. मग कमळकडे बघून, घरात कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात तिने विचारलं, "कवापासना?"

"हितं आलो तवापासना."

"मना नाय बोललीस?"

"तू पाटे उठून धक्क्यावर जातंस."

आईने पदराने ओठ पुसले. "मी पन तुना नाय बोलली," ती म्हणाली. "तुजी परीक्षा व्हती."

कमळला आधी ते समजलंच नाही. आईचं काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल, असं वाटलं. मग तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिथे ते होतं. तेच, सपाट, न चढणारं, न ओसरणारं. तिने ते इतके दिवस स्वतःच्या आतून पाहिलं होतं, बाहेरून आज पाहिलं. म्हणजे आईलासुद्धा. म्हणजे रोज पहाटे अंधारात जी उठते तिला उठायचं कशाला ते आठवत नसतं, आणि ती उठते. टोपली डोक्यावर घेते. गिऱ्हाइकाशी भावावरून भांडते. आमटी ढवळते, ती तिच्याही जिभेवरच राहते, आणि तरी ती दुसऱ्या दिवशी परत करते. त्या आरोळ्या, ती आदळआपट, सगळं त्या ओढ नसलेल्या पाण्यात हाताने वल्हवत आणलेलं. दीड वर्षं! कालच्या खाडीपुढेही कमळ इतकी थरारली नव्हती. ही एवढीशी बाई, ओल्या लुगड्यातली, मासळीचा वास मारणारी, आणि हिच्या अंगात एवढं बळ कुठून? तिला आईच्या पाया पडावंसं वाटलं, आणि आईच्या कुशीत शिरावंसंही वाटलं, आणि आत काहीतरी हललं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी हललं.

"काय चाललंय हे? मला कोणी सांगेल का?" मोठ्या बाई म्हणाल्या. "भांग म्हणजे नेमकं काय? मला काय ते स्पष्ट समजलं पाहिजे."

आईने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. काल चिखलात उभं राहून कमळने जे पाहिलं होतं ते अगदी तसंच समोर झालं. फक्त आज ती तिथे होती. तिने पुढे होऊन आईचा हात धरला. तो गार होता, त्याला खवले चिकटले होते.

"बाई, मी सांगते," ती म्हणाली, आणि तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं. बंदर कुठे होतं, पाणी कसं यायचं, होडी कोणी विकली, कुंदाचं डोकं रोज का दुखतं, दादू टाकीवर का बसतो. वाक्यं तुटत होती, मध्येच कोळी बोली येत होती. मराठीच्या बाई कोपऱ्यातून पुढे आल्या होत्या आणि मोठ्या बाईंनी पंखा बंद केला होता, नीट ऐकू यावं म्हणून. फाटकापाशी टोपलीतला बर्फ वितळत होता, ऊन चढत होतं, बाजाराची वेळ निघून चालली होती. हे आईला ठाऊक होतं आणि कमळलाही. कमळ थांबली नाही, आणि आई उठली नाही.